जपानमध्ये हजार येनांत पोटभर नूडल्स: नव्याने आलेल्यांसाठी

टोक्योत आले तेव्हा पहिले दहा-बारा दिवस मी कोन्बिनीतल्या (कोपऱ्यावरच्या छोट्या सुपरमार्केटातल्या) ओनिगिरीवर, म्हणजे भाताच्या मुटक्यांवर, आणि आईने दिलेल्या मेतकुटावर काढले. निशी-कासाई स्टेशनपासून माझ्या खोलीपर्यंतच्या रस्त्यावर नूडल्सची पाच दुकानं होती. रोज त्यांच्यासमोरून जायचे, आतून वाफ आणि वास यायचा, पण एकातही पाय टाकायचं धाडस होत नव्हतं. दारावर पडदा, आतलं काही दिसत नाही, बाहेर जपानी बटणांचं मशीन आणि आत सगळे पाठमोरे. एकदा आत गेल्यावर मात्र कळलं की जपानमध्ये स्वस्तात, चांगलं आणि ताजं खायचं तर नूडल्सच्या दुकानासारखी जागा नाही. तुमचे ते दहा-बारा दिवस वाचावेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी बजेट ठरवू. एका वेळच्या जेवणाला हजार येन, म्हणजे साधारण साडेपाचशे-सहाशे रुपये, ही माझी कमाल मर्यादा. जपानी लोकही रामेनच्या बाबतीत ‘हजार येनची भिंत’ असा शब्द वापरतात: गिऱ्हाईक हजाराच्या वर द्यायला कचरतं, आणि सगळंच महागल्यामुळे दुकानदाराला त्याच्या आत राहणं जड जातं. गेल्या काही वर्षांत बऱ्याच नावाजलेल्या दुकानांनी ती भिंत ओलांडली आहे. तरी हजारात, आणि पुष्कळदा पाचशेतही, उत्तम खाता येतं. फक्त कुठे आणि कधी जायचं ते माहीत हवं.

सोबत काय हवं

- हजार येनच्या तीन-चार नोटा आणि सुटी नाणी. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण पुढे येईलच.
- सुइका किंवा पास्मो, म्हणजे रेल्वेचं आधी पैसे भरून वापरायचं कार्ड, त्यात थोडी शिल्लक.
- फोनमध्ये नकाशा, कॅमेऱ्याने भाषांतर करणारं ॲप आणि ‘ताबेलॉग’ हे खाण्याची दुकानं शोधायचं जपानी ॲप.
- हातरुमाल. टिश्यू सगळीकडे मिळतोच असं नाही.
- केस लांब असतील तर रबर. गंमत नाही, वाडग्यावर वाकून खायचं असतं.
- काही खाणं वर्ज्य असेल तर ते जपानीत लिहिलेली चिठ्ठी. ऑफिसातल्या जपानी सहकाऱ्याकडून लिहून घ्या, ॲपवर सोडू नका.

## १. आधी प्रकार ओळखा

‘जपानी नूडल्स’ म्हणून एका दुकानात सगळं मिळत नाही. उदोन गव्हाचं, जाड, पांढरं, मऊ-चिवट. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या करड्या, बारीक नूडल्स. कुट्टू म्हणजे उत्तरेत उपवासाला खातात तेच. रामेनही गव्हाचंच, पण पिठात क्षाराचं (अल्कधर्मी) पाणी घातल्यामुळे पिवळसर आणि लवचीक, आणि खाली घट्ट किंवा पातळ रस्सा. उदोन आणि सोबा बऱ्याचदा एकाच दुकानात असतात. रामेनचं दुकान जवळजवळ नेहमी वेगळं.

किमतीचा क्रमही हाच धरा. साधं उदोन आणि उभ्याने खायचा सोबा सगळ्यात स्वस्त, साखळी दुकानातलं रामेन त्याच्या वर, आणि एका माणसाने जीव ओतून चालवलेलं रामेनचं दुकान त्याच्याही वर. नव्या माणसाने याच क्रमाने शिकावं असं माझं मत आहे. पहिल्याच दिवशी नावाजलेल्या रामेनच्या रांगेत उभं राहू नका. तिथे गडबड उडाली तर मागच्यांसमोर फार अवघडल्यासारखं होतं.

## २. पहिला दिवस: सेल्फ-सर्व्हिस उदोन

मारुगामे सेइमेन आणि हानामारु उदोन या दोन साखळ्या मोठ्या शहरांत सगळीकडे आहेत. इथे बोलावं लागत नाही, सगळं डोळ्यांसमोर असतं. रांगेत ट्रे घ्या, पहिल्या काउंटरवर उदोनचा प्रकार सांगा, पुढे सरकत तेम्पुरा (जपानी भजी) हवा असेल तर चिमट्याने उचला, शेवटी पैसे द्या. पैसे दिल्यावर कांद्याची पात, किसलेलं आलं आणि तेम्पुऱ्याच्या कुरकुरीत कळ्या फुकट असतात. त्या कळ्यांना तेनकासु म्हणतात. भजी तळताना कढईत उरलेली चुरी असते ना, तीच ही. चमचाभर घालाच.

‘काके’ म्हणजे गरम रश्शातलं साधं उदोन. ‘झारु’ म्हणजे थंड, बाजूला बुडवायला सॉस. ‘कामाआगे’ म्हणजे शिजवलेल्या गरम पाण्यासकट दिलेलं, तेही सॉसमध्ये बुडवूनच खायचं. पहिल्यांदा ‘काके, नामी’ एवढंच म्हणा; नामी म्हणजे नेहमीचा आकार. सोबत रताळ्याचा किंवा भोपळ्याचा तेम्पुरा घेतला तरी हजाराच्या बरंच आत राहता.

इथला सापळा म्हणजे तेम्पुराच. उदोन स्वस्त दिसतं म्हणून ट्रेवर तीन-चार तुकडे जमा होतात आणि बिल दुप्पट होतं. एकच घ्या.

## ३. स्टेशनातला उभ्याने खायचा सोबा

याला ताचिगुई म्हणतात. स्टेशनच्या आत, फलाटावर किंवा बाहेर पडताच हे दुकान असतं. सकाळी सूट घातलेली माणसं चार-पाच मिनिटांत वाडगा संपवून गाडी पकडतात. टोक्योत फुजी सोबाच्या बऱ्याच शाखा रात्रभर उघड्या असतात. शेवटची गाडी चुकलेल्याला त्यांचा फार आधार. युदेतारो हीसुद्धा चांगली साखळी. नावात ‘उभ्याने’ असलं तरी आता पुष्कळ ठिकाणी खुर्च्या आहेत.

काके सोबा पाचशेच्या आत मिळतो. वर काकिआगे, म्हणजे कांदा-गाजराच्या चिरांचं मोठं भजं, घेतलं तर दुपारपर्यंत भूक लागत नाही. ते रश्शात अर्धं बुडवून, अर्धं कुरकुरीत ठेवून खावं. कटवड्याची सवय असलेल्या माणसाला हे शिकवावं लागणार नाही.

दोन गोष्टी गंभीरपणे सांगते. एक, कुट्टूची ॲलर्जी काही जणांना जिवावर बेतण्याइतकी तीव्र असते. जपानमध्ये पाकीटबंद पदार्थांवर ती छापणं कायद्याने बंधनकारक आहे. या दुकानांत उदोन आणि सोबा एकाच पाण्यात शिजतात, त्यामुळे ॲलर्जी असेल तर तिथलं उदोनही टाळा. दोन, ‘सोबा म्हणजे गहू नाही’ हा गैरसमज आहे. शंभर टक्के कुट्टूच्या सोब्याला जूवारी म्हणतात आणि तो महाग असतो. आठ भाग कुट्टू, दोन भाग गहू या मिश्रणाला निहाची म्हणतात. स्वस्त दुकानात गव्हाचं प्रमाण याहूनही जास्त असू शकतं.

बसून खायच्या चांगल्या सोब्याच्या दुकानात थंड सोबा घेतलात तर शेवटी एक किटली पुढे येते. ती चहाची नसते. सोबा शिजवलेलं ते गरम पाणी, सोबायु, उरलेल्या सॉसमध्ये ओतून पितात. भाताच्या पेजेची सवय असलेल्यांना ते आवडेल.

## ४. रामेन: फोनवर शोधताना

ताबेलॉगवर स्टेशनचं नाव आणि ‘रामेन’ टाका, दुपारच्या जेवणाचं बजेट हजारापर्यंत निवडा. मग गुणांकडे बघा, आणि इथेच नवीन माणूस फसतो. आपल्याला साडेचार तारे बघायची सवय, ताबेलॉगवर ३.५ दिसलं की वाटतं दुकान सुमार आहे. उलट आहे. तिथले लोक गुण फार हात राखून देतात. ३.५ म्हणजे उत्तम, ३.३ म्हणजे निश्चिंत मनाने जावं असं. याच ॲपवाले दर वर्षी ‘ह्याकुमेइतेन’, म्हणजे शंभर नामांकित दुकानांची यादी काढतात. त्यातलीही काही हजाराच्या आसपास असतात, फक्त रांग गृहीत धरा.

नकाशावरचे अभिप्राय वाचायचे तर ताजे आधी लावा आणि मेन्यूचा अलीकडचा फोटो शोधा. दोन वर्षांपूर्वीच्या फोटोतली किंमत आज तशीच सापडणार नाही.

वेळ बघायला विसरू नका. बरीच चांगली दुकानं साधारण अकरा ते अडीच-तीन आणि मग साडेपाचनंतर उघडी असतात, मधे बंद. आठवड्याचा सुटीचा दिवस प्रत्येकाचा वेगळा. शिवाय ‘रस्सा संपला की बंद’ ही पाटी खरी असते. रविवारी रात्री आठला मी एकदा दोन गाड्या बदलून गेले होते आणि दारात मालक पडदा उतरवत होता. तेव्हापासून मी निघण्यापूर्वी दुकानाचं एक्स किंवा इन्स्टाग्राम खातं बघते. अचानक सुटी बहुतेक जण तिथेच कळवतात.

बाराला ऑफिसं सुटतात, म्हणून अकराला किंवा दीडनंतर जा. दुपारीच जाण्याचं आणखी एक कारण आहे: पुष्कळ दुकानांत दुपारच्या वेळी भात किंवा वाढीव नूडल्स फुकट असतात.

कुठल्या भागात? विद्यार्थी राहतात तिथे. वासेदा विद्यापीठाजवळचं ताकादानोबाबा हे त्यासाठी प्रसिद्ध आहे. एकमेकांना लागून इतकी रामेनची दुकानं की स्वस्त आणि चांगलं दिल्याशिवाय कुणाचा टिकाव लागत नाही. निशी-कासाईत राहणाऱ्यांनी तोझाई लाइनवर बसावं, गाडी न बदलता अर्ध्या तासात तिथे पोचता. इकेबुकुरोही चांगलं. याउलट प्रसिद्ध देवळं, बाजार आणि पर्यटकांच्या गल्ल्यांत दारावर मोठाले इंग्रजी फोटो लावलेली दुकानं असतात. तिथून दहा मिनिटं चालत लांब गेलात की किंमत उतरते.

पहिलं रामेन म्हणून कांतो भागात, म्हणजे टोक्यो आणि आसपास, हिदाकाया ही साखळी सुचवते. निवांत बसून मागवायचं, साधं चूका सोबा पाचशेच्या आत. नावात सोबा असला तरी ते रामेनच, जुन्या पद्धतीचं.

## ५. दारातून दुकान कसं ओळखायचं

यादीपेक्षा माझा भरवसा आता डोळ्यांवर जास्त आहे. दारावर कापडी पडदा, नोरेन, बाहेर टांगलेला असेल तर दुकान उघडं. आत घेतलेला असेल तर बंद, दिवे लागलेले असले तरी.

मी काय बघते ते सांगते. मेन्यू छोटा हवा: चार-पाच पदार्थांचं दुकान पन्नास पदार्थांच्या दुकानापेक्षा जवळजवळ नेहमी चांगलं निघतं. आत कामाच्या कपड्यातली माणसं एकेकटी बसलेली असावीत, टॅक्सीवाले, बांधकामावरचे. ही माणसं रोज खातात, त्यांना महाग आणि वाईट दोन्ही परवडत नाही. चकाचक सजावट नसली तरी काउंटर पुसलेला, चॉपस्टिक्सचे डबे भरलेले आणि जमीन फार चिकट नसावी. मिरजेला आमच्या घराजवळच्या खानावळीत वडील आधी पाण्याचे ग्लास बघायचे आणि मग बसायचे की नाही ठरवायचे. इथेही तीच रीत चालते.

छोटी रांग हे चांगलं लक्षण. काउंटरवर आठ खुर्च्या असतील आणि बाहेर पाच जण, तर पंधरा-वीस मिनिटांत नंबर लागतो, कारण आत कुणी गप्पा मारत बसत नाही. काही दुकानांत आधी तिकीट काढून मग रांग, काहींत आधी रांग. पुढचा माणूस काय करतो ते बघा. आणि सगळे सोबती आल्याशिवाय रांगेत जागा धरू नका, ते वाईट दिसतं.

## ६. तिकिटाचं मशीन

मी ज्याला सगळ्यात जास्त घाबरले ते हेच. हातात दहा हजारांची नोट, मशीन ती घेत नाही, मागे सहा माणसं. शेवटी तशीच बाहेर पडले आणि त्या दिवशी जेवलेच नाही.

म्हणून हजारच्या नोटा. जुनी मशिनं फक्त हजारची नोट आणि नाणी घेतात. त्यातही ३ जुलै २०२४ ला जपानमध्ये नव्या नोटा आल्या, आणि अजूनही काही छोट्या दुकानांच्या मशिनांना त्या ओळखता येत नाहीत. २०२१ मध्ये आलेल्या पाचशेच्या नव्या नाण्याचंही तसंच. मशीनने नोट परत ढकलली तर घाबरू नका, नोट काउंटरवाल्याला दाखवून ‘र्योगाए ओनेगाई शिमास’ म्हणा, म्हणजे ‘बदलून द्या’. तो गल्ल्यातून देतो. त्या दिवशी मला हे तीन शब्द माहीत असते तर मी जेवले असते.

क्रम असा: आधी पैसे आत, मग बटण, मग तिकीट आणि सुटे. बरीच मशिनं सुटे आपणहून देत नाहीत, बाजूची कळ खाली दाबावी लागते. दुसऱ्या तिकिटासाठी शिल्लक तशीच ठेवता यावी म्हणून ती सोय आहे.

कोणतं बटण? काहीच वाचता येत नसेल तर डावीकडचं सगळ्यात वरचं. दुकान आपला मुख्य पदार्थ तिथे ठेवतं, हा जपानी खवय्यांचाही ठोकताळा आहे. लाल दिवा लागलेलं बटण म्हणजे तो पदार्थ संपला. आणि मागे रांग असेल तर मशीनसमोर भाषांतर करत थांबू नका. बाहेरच मशीनचा फोटो काढा, बाजूला उभं राहून वाचा, मग रांगेत या.

## ७. काउंटरवर

तिकीट समोरच्या फळीवर ठेवा. पाणी स्वतः घ्यायचं, फुकट असतं. कुणी काही विचारलं तर बहुधा तीनांपैकी एक प्रश्न असतो: नूडल्स किती कडक, रस्सा किती खारा, तेल किती. तिन्हीला ‘फुत्सू’ म्हणजे ‘नेहमीसारखं’ हे उत्तर चालतं. जिरो पद्धतीच्या दुकानात प्रश्न ‘लसूण घालू का’ असा येतो, आणि तिथलं छोटं वाडगंसुद्धा दोघांना पुरेल एवढं असतं. ‘मेन सुकुनामे’, म्हणजे नूडल्स कमी, असं आधीच सांगा. फुकट मिळतंय म्हणून ‘ओमोरी’, म्हणजे मोठा वाढप, घेऊन अर्धं टाकणं तिथल्या माणसांना फार लागतं.

भुरके मारून खा. आपल्याकडे लहानपणी आवाज केला म्हणून ओरडा मिळतो, इथे आवाज न करता खाणाराच वेगळा दिसतो. भुरक्यासोबत हवा आत जाते, जीभ भाजत नाही आणि वासही नीट लागतो. एका वाडग्यात दोघांनी खाणं मात्र नको. माणशी एक वाडगा ही रीत आहे. सोबत लहान मूल किंवा मोठी बॅग असेल तर काउंटरच्या दुकानाऐवजी टेबलं असलेली साखळी बघा. रिंगर हट चांगली, तिथल्या नागासाकी चाम्पोनमध्ये भाज्याही भरपूर.

झालं की वाडगा वरच्या फळीवर ठेवा, पुढ्यातलं पुसा, ‘गोचिसोसामा देश्ता’, म्हणजे जेवणाबद्दल आभार, असं म्हणा आणि निघा. टिप द्यायची नाही.

## ८. शाकाहारी असाल, किंवा बीफ-पोर्क चालत नसेल

माझी रूममेट पूर्ण शाकाहारी होती. पहिल्या महिन्यात तिने ‘यासाई रामेन’ मागवलं. यासाई म्हणजे भाजी, हे ती अभिमानाने शिकली होती. कोबी-मोड आलेल्या कडधान्यांच्या डोंगराखाली डुकराच्या मांसाचे तुकडे निघाले, आणि रस्साही डुकराच्या हाडांचाच. ती काही न बोलता बाहेर आली आणि घरी येऊन रडली. दुकानाची चूक नव्हती. तिथे ‘भाज्यांचं’ याचा अर्थ ‘भाज्या जास्त’ एवढाच होतो.

खरी अडचण मांसाच्या तुकड्यांची नाही, रश्शाची आहे. ‘चाशू नुकी दे’ म्हटलं की वरचे तुकडे काढून देतात, पण खालचा रस्सा तोच. उदोन-सोब्याच्या पाण्यासारख्या दिसणाऱ्या रश्शातही दाशी असते: कुप्याच्या जातीचा मासा वाळवून काढलेल्या पापुद्र्यांची, किंवा सुक्या बारीक मासळीची. कोकणातल्या माणसाला तो वास लगेच कळेल. थंड सोब्याच्या सॉसमध्येही तीच असते. तेव्हा ‘काके उदोन तर शाकाहारीच’ असं कुणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका.

चिठ्ठीत तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्या: मांस नाही, मासे नाहीत, आणि माशांची दाशीसुद्धा नाही. तिसरी ओळ नसेल तर पहिल्या दोन वाचून भला माणूस दाशीचा रस्सा आनंदाने आणून देईल.

हमखास जागा हवी तर टोक्यो स्टेशनात, जेआर रेल्वेच्या तिकीट-गेटच्या आत, केइयो स्ट्रीटवर ‘टीज तानतान’ आहे. सगळं वनस्पतिजन्य, तिळाच्या घट्ट तिखटसर रश्शातलं तानतानमेन त्यांची खासियत. माझ्या रूममेटने तिथे पहिल्यांदा रश्शाचा शेवटचा थेंब प्यायला. आफुरी या साखळीतही व्हीगन रामेन असतं, पण ती हजाराच्या वर जाते.

बीफ न खाणाऱ्यांसाठी एक गोष्ट माझ्याच अनुभवातली. ‘निकु’ म्हणजे मांस. टोक्योकडे नुसतं निकु म्हटलं की बहुधा डुकराचं, ओसाकाकडे मात्र गाईचं. ओसाकात मी बेधडक निकु उदोन मागवलं होतं. वाडगा समोर आल्यावर विचारलं म्हणून कळलं. मारुगामेसारख्या साखळीतही निकु उदोन बीफचंच असतं. ‘ग्यूनिकु’ बीफ, ‘बुतानिकु’ पोर्क, ‘तोरिनिकु’ चिकन, हे तीन शब्द पाठ करा आणि दर वेळी विचारा.

## ९. टोक्योबाहेर

योकोहामाला जाणं झालं तर शिन-योकोहामा रामेन म्युझियम बघा. १९९४ साली सुरू झालेलं आहे, आत १९५८ सालची गल्ली उभी केली आहे. इन्स्टंट रामेन बाजारात आलं ते हेच वर्ष. निरनिराळ्या प्रांतांची दुकानं तिथे एकत्र आहेत आणि छोटे वाडगे मिळतात. प्रवेशाचं तिकीट आहे, पण आपल्याला मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा रस्सा) आवडतं की तोन्कोत्सु (डुकराच्या हाडांचा रस्सा) हे एका दुपारीत कळतं.

नागोया स्टेशनच्या फलाटावर किशिमेन, चपट्या पट्ट्यांचं उदोन, उभ्याने खाता येतं; शिनकान्सेन (बुलेट ट्रेन) बदलताना वीस मिनिटं पुरतात. फुकुओकात नूडल्स बारीक असतात, कारण नागाहामाच्या मासळी बाजारातल्या घाईतल्या माणसांसाठी त्या झटपट शिजायला हव्या होत्या. बारीक नूडल्स रश्शात लवकर फुगतात म्हणून वाढप कमी, आणि संपल्यावर शे-दीडशे येनांत नुसत्या नूडल्स पुन्हा घेता येतात. त्याला काएदामा म्हणतात. त्यासाठी रस्सा राखून ठेवा, पिऊन टाकू नका.

पण स्वस्त आणि चांगलं या दोन शब्दांसाठी जपानमध्ये मला एकच जागा निवडायला सांगितली तर मी शिकोकू बेटावरचं कागावा निवडेन. तो प्रांत स्वतःला ‘उदोनचा प्रांत’ म्हणवतो. तिथे उदोन तयार करणाऱ्या छोट्या कारखान्यांतच बाकडी टाकलेली असतात. कणीक तिथेच मळलेली, तिथेच कापलेली, काही ठिकाणी नूडल्स गरम पाण्यात आपल्या हाताने बुडवून घ्यायच्या आणि नळ फिरवून रस्साही आपणच घ्यायचा. तीन-चारशे येनांत वाडगं मिळतं. ताकामात्सुला टोक्योहून सनराइज सेतो ही रात्रीची गाडी जाते, सकाळी साडेसातच्या सुमारास पोचते. बॅग स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवा आणि हॉटेल शोधण्याआधी पहिलं दुकान गाठा. पुष्कळ ठिकाणी दुपारी दोनपर्यंत त्या दिवशीची कणीक संपलेली असते.